दीपेशच्या दहाव्याचा कावळा

गीतांजली प्रभुदेसाई आणि दीपेश मढवी यांचं प्रेम साऱ्या सानपाड्यात फक्त दोघांना ठाऊक होतं. त्यातल्या दीपेशला ते कितपत ठाऊक होतं हे आता खात्रीने सांगता येत नाही, कारण पंचाण्णव सालच्या जानेवारीत तो मलेरियाने गेला.

गीतांजली अरुणोदय सोसायटीत राहायची. दीपेशचं घर रस्त्याच्या पलीकडे, जुन्या गावात. सोसायटी उभी होती ती जमीनही एके काळी गावाचीच, पण हा विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी काढत नसे. दोन्ही बाजूंचा संबंध यायचा तो मासळीपुरता. दीपेशची आई शांती डोक्यावर टोपली घेऊन सोसायटीत यायची आणि गीतांजलीच्या आईसाठी, म्हणजे जयमालाबाईंसाठी, चांगलं पापलेट फडक्याखाली बाजूला ठेवायची. दीपेश वाशीच्या कॉलेजात बारावीला दुसऱ्यांदा बसत होता. त्यामुळे त्याची धाकटी बहीण दिशा त्याला वर्गात येऊन गाठून बसली होती, आणि गीतांजलीही त्याच वर्गात होती. नापास होण्याचा हा फायदा शिक्षण खात्याने कधी विचारात घेतलेला नाही.

प्रेमात काय काय घडलं ते सांगतो, फार वेळ लागणार नाही. एकदा बस चुकली म्हणून दीपेशने तिला मोटारसायकलवरून घरी सोडलं. ती त्याला न धरता मागच्या कॅरियरला धरून बसली. खाडीच्या बाजूने येताना त्याने मान न वळवता विचारलं, "पोहता येतं का तुला?"

"नाही."

"परीक्षा झाली की शिकवीन."

संपलं. पण गीतांजलीने घरी येऊन हे वाक्य नीट सोडवलं. परीक्षा झाली की, म्हणजे मार्चनंतर. पोहणं काही एका दिवसात येत नाही, म्हणजे उन्हाळाभर. मुलीला उन्हाळाभर पोहायला शिकवायचं तर दोन्ही घरी सांगावं लागणार, म्हणजे सांगायची त्याची तयारी आहे. जेवणाची ताटं मांडेपर्यंत ती मढव्यांकडे सून म्हणून नांदायला लागली होती, आणि शांतीला 'आई' म्हणायचं की 'मावशी'च चालू ठेवायचं, एवढ्यावर अडली होती.

मग दीपेशला ताप आला. आधी गोळ्या, मग दवाखाना, मग मोठं हॉस्पिटल. शेवटची बातमी शांतीच्या जागी आलेल्या दुसऱ्या कोळणीने आणली. "शांतीचा पोरगा गेला," असं म्हणून तिने कोलंबीचा भाव सांगितला. "अरेरे, कोणता, तो उंच?" असं म्हणून जयमालाबाईंनी कोलंबी घेतली नाही, कारण अशा बातमीनंतर घासाघीस करणं बरं दिसत नाही.

गीतांजली आत फिजिक्स वाचत होती. ती वाचतच राहिली. पान मात्र संध्याकाळपर्यंत उलटलं नाही.

रडायचं कुठे, हा प्रश्नच होता. घर वन रूम किचन. बाथरूममध्ये रडायला बसावं तर पाणी जायची वेळ झाली म्हणून वडील दार वाजवणार. शेवटी तिने ठरवलं, रडणं जमत नसेल तर निदान सुतक तरी पाळू. त्यासाठी तिने वडिलांचाच सल्ला घेतला. श्यामसुंदर प्रभुदेसाई एका महामंडळात आस्थापना शाखेत होते. रजेचे नियम त्यांना तोंडपाठ, आणि सुतक हा ते रजेचाच एक प्रकार समजत.

"बाबा, कोणी गेलं तर सुतक किती दिवस असतं?"

"कोण गेलं त्यावर आहे," श्यामसुंदर पेपरमागून म्हणाले. "सख्ख्यातलं असेल तर दहा. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं तीन."

"मित्र असेल तर?"

"मित्राचं कसलं सुतक? आंघोळ केली की झालं."

"आणि जवळचा मित्र?"

"मग डोक्यावरून आंघोळ."

गीतांजलीने नियमावली ऐकून घेतली आणि स्वतःची नेमणूक परस्पर वरच्या श्रेणीत करून टाकली. दहा दिवस केसांना तेल नाही, तोंडात गोड नाही, देवघराला हात नाही. घरात कोणाला संशय आला नाही. तेल नाही म्हणजे मुलीला फॅशन सुचतेय, गोड नाही म्हणजे डाएट, आणि देवघराकडे फिरकत नाही ते बारावीचं टेन्शन, असे जयमालाबाईंनी तीन निराळे अर्थ लावले आणि तिन्हींबद्दल निरनिराळं बोलून घेतलं.

अडचण आली ती सव्वीस जानेवारीला. सोसायटीचा सत्यनारायण होता. तळमजल्यावरच्या मालतीबाई शिऱ्याचा द्रोण घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"नको काकू, पोट बिघडलंय."

"प्रसादाने पोट बिघडत नाही."

"आधीच बिघडलंय."

"मग प्रसादाने बरं होईल."

या युक्तिवादापुढे बारावी सायन्सचं काही चाललं नाही. गीतांजलीने द्रोण घेतला आणि मालतीबाईंची पाठ वळताच शेजारच्या आजोबांच्या हातात दिला. पाठ पुरेशी वळली नव्हती. संध्याकाळी जयमालाबाईंना ओव्याची पुडी आणि 'मुलीवर लक्ष ठेवा' हा सल्ला एकदमच पोच झाला.

दहावा दोन दिवसांवर होता. "शांतीकडे जाऊन यायला हवं," जयमालाबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं दारात येते."

"दहाव्याला? बायका जातात तिथे?" श्यामसुंदरांनी विचारलं.

"त्यांच्यात जातात. लांब उभ्या राहतात. नंतर गेलं तर ती धंद्याला लागलेली असेल. मग टोपलीसमोर उभं राहून काय बोलायचं?"

"मी येते," गीतांजली म्हणाली.

"तुझी प्रॅक्टिकल्स आलीत."

"दिशा माझ्या वर्गात आहे."

हे खरंच होतं. खऱ्या कारणाचा हा एक मोठा गुण असतो, त्याच्या मागे आणखी एखादं कारण असेल असं कोणाच्या मनात येत नाही.

निघताना मात्र तिला कावळ्याची आठवण झाली. दहाव्याला भाताचा पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात, हे तिला माहीत होतं. गेलेल्याची इच्छा कशात अडकली नसेल तर कावळा लगेच शिवतो. अडकली असेल तर शिवत नाही. मग घरचे एकेक शब्द देत जातात, आणि ज्या शब्दाला कावळा येतो ती त्याची राहिलेली इच्छा. म्हणजे आज निकाल होता. कावळा झटकन आला तर दीपेशच्या मनात काहीच राहिलं नव्हतं, अर्थात गीतांजलीही नव्हती. आला नाही, तर प्रेम खरं होतं, पण दीपेश बिचारा अधांतरी लटकणार. चांगल्या मुलीने कावळा लवकर येवो अशी प्रार्थना केली असती. गीतांजलीने वाटेत काहीच प्रार्थना केली नाही.

खाडीच्या काठावर काठ्या रोवून बोंबील वाळत घातले होते. कावळे भरपूर होते, आणि सगळे त्या बोंबलांवर. दीपेशच्या बापाने, दादूने, पिंड ठेवला. भटजींचं म्हणून झालं. पुरुष मागे सरले, बायका झाडाखाली उभ्या राहिल्या. कावळ्यांनी एकदा भाताकडे पाहिलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले.

गीतांजलीला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मग पुन्हा बरं वाटलं.

दादूने हात जोडले. "पोरा, दिशाचा लगीन मी चांगल्या घरात करीन. तू काळजी करू नको."

दिशा गीतांजलीला चिकटून उभी होती. रडून डोळे सुजले होते. "जित्ता होता तवा सायकलला हात लावू देत नव्हता," ती नाक पुसत पुटपुटली. "आता माझ्या लग्नासाठी अडून बसलाय काय?"

तसं काही नव्हतं. कावळा जागचा हलला नाही.

मग धाकटा काका पुढे आला. गावाच्या जमिनी गेल्या त्या बदल्यात मढव्यांना सिडकोकडून साडेबारा टक्क्यांतला प्लॉट मिळायचा होता, आणि त्यात कोणाचा हिस्सा किती यावरून दोघा भावांचं बोलणं बंद होतं. पण पिंडासमोर हात जोडून उभं राहिलं की माणूस ठरवलेल्यापेक्षा जास्त बोलून जातो. "दीपेश," तो म्हणाला, "प्लॉटमदे अर्धा तुझ्या बापाचा. मी हात लावनार नाय. जा तू सुखानं."

जमलेल्या माणसांत चुळबुळ झाली. कावळ्यांत झाली नाही. दादूने तेवढ्यातल्या तेवढ्यात मागे वळून, कोणी कोणी ऐकलं ते बघून घेतलं. मुलगा गेलेल्या माणसाने असं बघू नये असा काही नियम नाही.

ऊन चढायला लागलं. "दर्भाचा कावळा करून शिववू या," भटजी म्हणाले. "शास्त्राला चालतं. मला अजून करंजाड्याला जायचंय."

"मना नाय चालत," शांती म्हणाली. ती मघापासून जमिनीवर बसून होती.

तेव्हा भागीरथी नावाची गावातली सगळ्यात म्हातारी बाई बोलली. "जवान पोर होता गो. एखादी पोरगी असंल मनात."

सगळ्या बायकांनी सगळ्या पोरींकडे पाहिलं. गीतांजलीचे कान तापले. गोष्टीत असतं तर ती इथे धावत पुढे गेली असती. पण शेजारी आई होती, रस्त्यापलीकडे सोसायटी होती आणि सोमवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. पाय उचलले नाहीत.

शांतीने वरदेखील पाहिलं नाही. "जी कोन असंल तिनी मनात बोलावा," ती म्हणाली. "कावल्याला ऐकू जातं. पोरीचा नाव चव्हाट्यावर कशाला?"

गीतांजलीने डोळे मिटले. मी कधीच लग्न करणार नाही, ती मनात म्हणाली, आणि एक डोळा उघडून पाहिलं. कावळ्याने काठी बदलली होती. पोहायला मी माझी मी शिकेन, तू त्यात अडकू नकोस. कावळ्याने चोच घासली. मग तिने सगळ्यात मोठं वचन काढलं. मी तुला जन्मभर विसरणार नाही. कावळ्याने पाठ फिरवली.

या खेपेला डोळा उघडला तेव्हा तिला आणखीही काही दिसलं. दिशाच्या पलीकडे गावातल्या दोन मुली डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांच्या पलीकडे वर्गातली ऋता. तिचेही हलत होते. (डोळे जयमालाबाईंनीही मिटले होते, पण कुठेही चार माणसांनी हात जोडले की त्या मिटतच.)

गीतांजली ऋताकडे बघत राहिली. गेल्या उन्हाळ्यापर्यंत ऋताला पोहता येत नव्हतं. आता येत होतं.

दहा दिवस न लावलेलं तेल आणि न खाल्लेला शिरा एकदमच तिच्या डोक्यात गेला. विसरते जा तुला, ती मनात म्हणाली. बघच. विसरूनच दाखवते.

आणि नेमकी त्याच वेळी शांती उठली. काठीवरचा एक बोंबील तिने ओढून काढला आणि पिंडावर ठेवला.

"अहो, तिथे बोंबील—" भटजी म्हणाले.

"तुमचा मंतर झाला ना? मंग ऱ्हावदे. नुसता भात त्याच्या घशाखाली कवा गेलाय?"

कावळा आला. बोंबील उचलताना त्याचा पाय भाताला लागला. "शिवला," असं भटजींनी ताबडतोब जाहीर केलं आणि चपला शोधायला लागले.

परतताना सगळी मंडळी हलकी झाली होती. फक्त दोन भावांत मतभेद निघाला. काकाचं म्हणणं, कावळा बोंबलाला आला, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा प्लॉटचा इथे काही संबंध पोचत नाही. दादूचं म्हणणं, शब्द आधी दिला गेला, कावळ्याला विचार करायला वेळ लागतो, बोंबील निमित्त. "आनि तुला शब्द फिरवायचा असंल तर फिरव," दादू म्हणाला, "पोरगा वरनं बगतोय." काका बोंबलाच्या काठ्यांकडे असा बघत होता, की त्या दिवसापुरता त्याचा माशांवरचा विश्वास उडाला असावा.

या प्रकरणात तिसरं मत गीतांजलीचं होतं, पण ते कोणी विचारलं नाही. कावळा आपल्या वाक्याला आला. तू मला विसर, एवढंच दीपेशला हवं होतं. गीतांजलीने घरी येऊन डोक्यावरून आंघोळ केली, केसांना तेल चोपडलं आणि आईकडे शिरा मागितला. जयमालाबाईंनी ओव्याचा गुण म्हणून मालतीबाईंना निरोप धाडला.

रागाच्या भरात चार दिवस बरे गेले. राग ओसरल्यावर लक्षात आलं की आपण भलताच शब्द देऊन बसलोय. जन्मभर रडायचं असं ठरवलं असतं तर कंटाळा आल्यावर सोडता आलं असतं, कोणी विचारणार नव्हतं. विसरायचं वचन मोडलं तर मात्र दीपेश पुन्हा अडकणार. तिने ते अभ्यासाला घेतलं. त्याचा बाक दिसणार नाही अशा जागी बसायचं, खाडीच्या बाजूने यायचं नाही, मोटारसायकलचा आवाज आला की मनात आवर्त सारणी म्हणायची. पण विसरलो की नाही हे तपासायला रोज त्याला आठवून बघावं लागे, आणि त्या तपासणीत तो दरवेळी पास होई. बारावीत जमलं नाही ते त्याला इथे जमत होतं.

ऋताशी ती परीक्षा संपेपर्यंत बोलली नाही. शेवटचा पेपर झाल्यावर बसस्टॉपवर दोघीच होत्या.

"तुला पण विचारलं होतं का?" गीतांजलीने समोर बघत विचारलं. "पोहता येतं का म्हणून?"

ऋताने हातातल्या प्रश्नपत्रिकेची घडी घातली. मग म्हणाली, "मान न वळवता."

"हो. मान न वळवता."

"मला वाटलं होतं तू दिशासाठी आली होतीस."

"मला पण तसंच वाटत होतं तुझ्याबद्दल. आधी." मग तिने विचारलं, "खरंच शिकवलं त्याने?"

"कुठलं. एक दिवस आला तळ्यावर. मला पाण्यात उतरवलं आणि स्वतः काठावर बसून मित्राबरोबर भेळ खाल्ली. मी बुडायला लागले तर म्हणतो, पाय मार ना, मी आहे इथे. शेवटी माझ्या काकाने शिकवलं मला."

गीतांजलीला हसू आलं. तिने ते दाबलं, पण ऋतालाही आलं होतं. मग दोघींना आवरेना. एक बस आली आणि गेली. हसता हसता ऋता कधी रडायला लागली ते कळलं नाही, आणि गीतांजली, जिला जानेवारीपासून रडायला जागा सापडली नव्हती, ती वाशीच्या सेक्टर सतराच्या भर रस्त्यात, माणसांच्या रांगेत उभं राहून मनसोक्त रडली. रांगेतल्यांना वाटलं, पेपर अवघड गेला.

त्यानंतर विसरणं आपलं आपण सुरू झालं. रिझल्टच्या आधी, मे महिन्यात, एके दिवशी झोपताना तिच्या लक्षात आलं की आज दीपेश दिवसभरात एकदाही आठवला नव्हता. तपासायचंसुद्धा राहून गेलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी चोरी केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांती जिना चढत होती. पहिल्या मजल्यावर दम खायला तिने टोपली खाली ठेवली होती. गीतांजली दोन पायऱ्या वर थांबली.

"मावशी, दहाव्याला तुम्ही म्हणालात ना, मनात बोला म्हणून."

शांतीने तिच्याकडे पाहिलं. आश्चर्य वाटलं असं काही दिसलं नाही. "बोललीस?"

"हो."

"काय बोललीस?"

"विसरीन म्हणाले." गीतांजलीने जिन्याचा कठडा धरला. "रागात बोलले होते. पण आता खरंच विसरायला लागलेय. काल पूर्ण दिवस नाही आठवला. आवाज तर कसा होता तेच नीट आठवत नाही."

शांतीने टोपलीवरचं फडकं उचलून पाणी शिंपडलं, पुन्हा नीट खोचलं. त्याला थोडा वेळ लागला.

"मंग विसर बाय," ती म्हणाली. "चांगला बोललीस तू. तुझा वय काय, तू कशाला धरून बसतंस?"

"आणि तुम्ही?"

"मी तसा काय बोलले नाय. मी नुसता बोंबील ठेवला." शांतीने पदराने हात पुसले. "मना कोनी विसराला सांगितला नाय. तू तुझा शब्द पाल. माझ्याकडं हाय तो, जाईल कुठं?"

वरून जयमालाबाईंचा आवाज आला, "कोण गं, शांती का? पापलेट आहे?"

"हाय, हाय. आणते," शांतीने वर सांगितलं, आणि चुंबळ डोक्यावर बसवून टोपलीच्या एका बाजूला हात लावला. "पकड गो पलीकडून."

गीतांजलीने दुसरी बाजू धरली. टोपली वाटली होती त्यापेक्षा जड होती, आणि ती शांतीच्या डोक्यावर नीट बसेपर्यंत दोघींपैकी कोणालाच हात सोडता आला नाही.